पाणीसाहेबांची कोंडी

जुने सर कॉलनीच्या मुलींची बास्केटबॉल टीम सोडून गेले, ते एकटे गेले नाहीत. जाताना टीममधल्या तीन उंच मुली, दोन चांगले बॉल आणि हवा भरायचा पंप घेऊन गेले. गेले ते थेट रस्त्यापलीकडच्या क्लबात, जिथे लाकडी फ्लोअर आहे आणि खेळ संपल्यावर मुलींना टॉवेल मिळतो. मागे सात मुली उरल्या. त्या अशा, की एकीच्या खांद्यावर दुसरी उभी केली तरी रिंगला हात लागेलच याची खात्री नाही. एक बॉलही उरला होता, पण त्यातली हवा गेली होती, आणि पंप कुठे होता ते वर सांगितलंच आहे.

पालकांची बैठक जिन्याखाली भरली. "आता या पोरींना शिकवणार कोण?" असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. नेमका त्याच वेळी पाणीसाहेबांच्या घशात काहीतरी खवखवलं आणि ते खाकरले. आता, भर बैठकीत सगळे गप्प असताना माणसाने खाकरणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करण्यासारखं आहे.

"वा, साहेबांनी मनावर घेतलं म्हणायचं," सेक्रेटरी म्हणाले, आणि बैठक इतक्या चपळाईने पांगली की खोकल्याचा खुलासा करायला समोर माणूसच उरला नाही.

पाणीसाहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले उपअभियंता. खरं नाव कागदोपत्री होतं, पण बिल्डिंगमध्ये ते कुणी वापरत नसे. स्वभावाने माणूस इतका सरळ, की जन्मभर त्यांनी सगळ्यात जास्त वापरलेला शब्द म्हणजे 'बरं'. वरिष्ठांनी दुसऱ्याचं काम गळ्यात मारलं, बरं. शेजाऱ्याने शिडी नेली ती परत आणली नाही, बरं. बिल्डिंगमध्ये त्यांची बदनामी एकाच गोष्टीमुळे होती: माणूस पाणीखात्यात, आणि वरच्या मजल्यांवर नळाला करंगळीएवढी धार. त्यामुळे साहेब मुलींना 'प्रेशर डिफेन्स', म्हणजे समोरच्यांवर दबाव टाकून बचाव करायला, शिकवणार आहेत ही बातमी जेव्हा पुढे पसरली, तेव्हा लोकांना अनेक दिवस दुसरा विनोद लागला नाही. जिन्यात भेटेल तो म्हणे, "साहेब, उरलंच थोडं प्रेशर तर तिसऱ्या मजल्यावर सोडा."

बास्केटबॉल त्यांना अगदीच येत नव्हता असं नाही. कॉलेजच्या टीममध्ये ते होते. बाकावर होते, पण होते. बाकावरून खेळ फार चांगला दिसतो असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. मैदानात पळणाऱ्याला फक्त आपला माणूस दिसतो, बसलेल्याला सगळे दिसतात.

तरीही, खरं सांगायचं तर, दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींकडे जाऊन नम्रपणे नाही म्हणायचं असंच त्यांनी ठरवलं होतं. ते बिघडलं घरात.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "अहो, बसमध्ये तुमच्या जागेवर दुसरा बसला तर तुम्ही त्याचीच माफी मागता. तुम्ही काय पोरींना लढायला शिकवणार?"

हे ते सोसून गेले असते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाची कातडी बरीच टिकाऊ होते. पण त्यांची मुलगी, चिंगी, जी स्वतः त्या सातांतली एक होती, तिने हातातला ग्लास खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, प्लीज. नाहीतर मी टीम सोडते. आधीच आम्ही हरणार आहोत. त्यात तुम्ही नको."

साहेबांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. "उद्या सहा वाजता खाली ये," ते म्हणाले. "बूट घालून."

घरात असा आवाज यापूर्वी कुणी ऐकला नव्हता. खुद्द साहेबांनीही नाही. ते उठून आत गेले आणि बराच वेळ आरशासमोर उभे राहिले.

आता टीमविषयी. त्यात दोन जुळ्या बहिणी होत्या, ज्यांचं जन्मल्यापासून कशावरही एकमत झालेलं नव्हतं. एक डॉक्टरांची मुलगी होती, जिला सगळे 'सॉरी' म्हणत, कारण कुणाला धक्का लागला, न लागला, लागेल असं वाटलं तरी ती सॉरी म्हणे. एक अंगाने भरलेली, शांत मुलगी होती. ती एका जागी उभी राहिली की हलत नसे म्हणून तिचं नाव खांब. चिंगी होती, जी वेगाने पळे पण बाप बघत असला की पळत नसे. आणि उरलेल्या दोघी एकमेकींच्या इतक्या घट्ट मैत्रिणी होत्या की कोण कुठली हे साहेबांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

पहिल्याच दिवशी साहेबांच्या ध्यानात आलं, की या मुलींनी आपल्या बास्केटखाली उभं राहून वाट बघण्यात काही अर्थ नाही. क्लबच्या उंच मुली येणार, डोक्यावरून बॉल टाकणार आणि टाळ्या घेऊन जाणार. म्हणजे त्यांना तिथवर येऊच द्यायचं नाही. बॉल हातात आल्या क्षणापासून, पार त्यांच्याच टोकाला, त्यांना गाठायचं. बॉलवालीला बाजूच्या रेषेकडे ढकलत न्यायचं, आणि ती कोपऱ्यात आली की दोघींनी तिची कोंडी करायची. तिसरी आणि चौथी वाटेवर टपून. पाचवी मागे, घर राखायला.

हे त्यांनी भिंतीवर खडूने काढून दाखवलं. पण जन्म पाण्यात गेलेला माणूस, त्यामुळे चित्रात मुलींऐवजी पाइप आले.

"हे बघा, पाणी अडवता येत नाही," ते म्हणाले. "ते वळवता येतं. इकडचा व्हॉल्व्ह बंद केला की ते तिकडे जातं. तिकडचाही आवळला की प्रेशर वाढतं. वाढलं की ते कमजोर सांध्यातून फुटतं. आपण त्या सांध्यापाशी आधीच जाऊन उभं राहायचं."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी चिंगी जमिनीकडे बघत म्हणाली, "दोघींनी घेरायचं. ती घाबरून पास टाकेल. तो तिसरीने चोरायचा."

"मी तेच म्हणतोय," साहेब म्हणाले.

"पण सर," सॉरीने हात वर केला, "दोघींनी मिळून एकीला घेरणं बरोबर आहे का? एकटी असते बिचारी."

साहेबांनी चित्रातला एक पाइप पुसला. तिला तिसरी केलं. निदान घेरायला लागणार नव्हतं, फक्त चोरायला लागणार होतं.

सरावाला मैदान हवं म्हणून साहेब क्रीडाखात्याच्या खिडकीशी गेले. आतला माणूस चांगला होता. त्याने मान वर करून बघितलं.

"मैदान आहे. पण प्रमाणित प्रशिक्षक लागतो."

"मी शिकवतो."

"तुम्ही प्रमाणित आहात?"

"नाही."

"मग व्हा."

"कुठे होतात?"

"ते आमच्याकडे येत नाही."

शेवटचं वाक्य साहेबांनी स्वतः आपल्या खिडकीतून लोकांना किती वेळा ऐकवलं होतं, याला गणती नव्हती. समोरच्या बाजूने ते कसं लागतं हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं. परत येताना ते मुद्दाम चालत आले.

मग उरलं बिल्डिंगचं पार्किंग, आणि सायकलच्या दुकानातून हवा भरून आणलेला तो एक बॉल. सिमेंटच्या खांबापासून भिंतीपर्यंत एक बाजू, नाल्याच्या जाळीपर्यंत दुसरी. अडचण एवढीच होती, की पाच जणी घेरायला उभ्या केल्या की ज्यांना घेरायचं त्या दोघीच उरत, आणि त्या दोघी मैत्रिणी. एकीची कोंडी झाली की दुसरी हसत सुटे. खरा घाबरलेला माणूस कुठून आणायचा? साहेबांनी तशी सूचना दिली नव्हती हे इथे स्पष्ट केलं पाहिजे. पण मुलींनी मनानेच येणाऱ्या-जाणाऱ्यांवर सराव सुरू केला, तेव्हा त्यांनी नको असंही म्हटलं नाही.

सेक्रेटरी अंड्यांचा ट्रे घेऊन आले ते नेमके सिमेंटचा खांब आणि भिंत यांच्या मधून. जुळ्या झपकन पुढे झाल्या.

"हात वर," साहेब ओरडले. "पायाला पाय जुळवा. अंगाला हात लावायचा नाही."

कुणी हात लावला नाही. सेक्रेटरींनी मात्र कोंडीत सापडलेला प्रत्येक खेळाडू जे करतो तेच केलं. आधी ते थांबले. मग त्यांनी हातातली वस्तू डोक्यावर धरली. मग ओळखीचा चेहरा शोधू लागले. तो साहेबांचा होता.

"साहेब, धरा हो हे," असं म्हणून त्यांनी ट्रे जुळ्यांच्या डोक्यावरून पुढे केला आणि सोडला. सॉरी कुठून आली कुणास ठाऊक. मध्ये उडी मारून, "सॉरी काका" म्हणत तिने ट्रे हवेतच धरला. पकड उत्तम होती. पण ट्रे थांबला म्हणून अंडी थांबतात असं नाही. ती पुढे गेली, आणि पुढे साहेबांचा ऑफिसचा शर्ट होता.

कॉलरमधून बलक ओघळत असताना साहेबांच्या तोंडून उत्स्फूर्तपणे जो शब्द निघाला, तो म्हणजे "शाब्बास". अंड्यांचं सेक्रेटरींनी सोडून दिलं असतं. शाब्बास ते विसरू शकले नाहीत. संध्याकाळी पार्किंगमध्ये कुठलाही खेळ खेळायला मनाई झाली.

जिन्यात सल्ल्यांना पूर आला. तिसऱ्या मजल्यावरचे न्यायाधीश काका निवृत्त होते, पण निकाल द्यायची सवय गेली नव्हती. "दोघांनी मिळून एकाची वाट अडवणं हा गुन्हा आहे," ते म्हणाले. "कलम मला आत्ता आठवत नाही. पण आहे." दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींचं म्हणणं होतं, की एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा मुलींना रोज बारला लटकवावं, त्यांचा भाचा लटकून चार बोटं वाढला होता. भाचा प्रत्यक्ष बघितलेल्या माणसाला तो चार बोटांपूर्वी केवढा असेल याचीच काळजी वाटे. साहेबांनी सगळ्यांचं ऐकलं. सवयीने दोनदा बरंही म्हणाले. पण त्यांच्या डोक्यात टेकडीवरची टाकी घोळत होती.

ही टाकी त्यांच्याच खात्याची. दुरुस्तीसाठी रिकामी केली होती, आणि रिकामी झाल्यावर दुरुस्तीवाला गायब झाला होता. आत सपाट, कोरडं काँक्रीट, चारी बाजूंनी उंच भिंती, उतरायला लोखंडी शिडी. किल्ली साहेबांच्या खणात. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी ऑफिसची साधी टाचणी घरी नेली नव्हती. त्या सकाळी त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं आणि कुलूप उघडलं. सात मुली एकामागून एक शिडीवरून खाली उतरल्या आणि बॉल वरून सोडला गेला.

टाकीत बॉल बाहेर जातच नसे, हा मोठा फायदा. तोटा असा, की एकदा "बॉल" म्हटलं की टाकी ते चार वेळा म्हणे, आणि कुणाचं काय चाललंय कळेनासं होई. दोन दिवस नुसता गोंगाट झाला. मग मुली आपोआप गप्प झाल्या. ओरडून सांगता येत नाही म्हणून त्या एकमेकींचे पाय बघायला शिकल्या. एका जुळीचा पंजा वळला की दुसरी निघालेली असे. ज्या दोघी घरात जेवायच्या ताटावरून भांडत, त्या टाकीत एका शब्दाशिवाय एकाच वेळी एकाच कोपऱ्यात पोचू लागल्या. चिंगीसुद्धा पळू लागली. बाप बघत होता तरी.

एका सकाळी शिडीच्या वरच्या टोकाला दोन चकचकीत बूट दिसले. त्यात साहेबांचे मोठे साहेब होते.

"हे काय चाललंय?" मोठे साहेब म्हणाले, आणि टाकी चार वेळा तेच म्हणाली.

"टाकी रिकामी होती, साहेब," पाणीसाहेब खालून म्हणाले.

"ती पाण्यासाठी आहे."

"पाणी आलं की आम्ही निघतो."

असं उत्तर आपल्याला कसं सुचलं याचं आश्चर्य करत ते घरी आले. दुपारी ऑफिसात टेबलावर मेमो होता: शासकीय टाकीत अनधिकृत खेळ घेतल्याबद्दल लेखी खुलासा करावा. एरवी साहेबांनी तीन पानांची दिलगिरी लिहिली असती. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'घेतला.' खाली सही केली. त्यांच्या हाताखालच्या कारकुनाने तो कागद पुढे नेण्याआधी दोनदा उलटून बघितला. वाटलं, बाकीचं तिकडे असेल.

टाकीची शिडी काढून नेली गेली. पण तोवर स्पर्धा येऊन ठेपली होती.

स्पर्धा क्लबने भरवलेली, क्लबच्याच हॉलमध्ये. कॉलनीच्या मुली आत आल्या तेव्हा समोरच्या टीमने त्यांना आधी बॉल उचलून देणाऱ्या मुली समजून पाण्याच्या बाटल्या मागितल्या. मग शिट्टी झाली आणि त्या टीमला मैदानाच्या मधोमध हाफ लाइन म्हणून काही असते याचा विसर पडला, कारण तिथवर त्या पोचेचनात. बॉल आत घेतला की समोर दोन जुळ्या, हात वर, तोंडातून आवाज नाही. घाबरून पास टाकला की मध्ये सॉरी. ती प्रत्येक चोरीला सॉरी म्हणे. समोरची चांगल्या घरातली. ती सवयीने "इट्स ओके" म्हणे. आणि तिचं ओके म्हणून होईपर्यंत चिंगीने बॉल रिंगमध्ये टाकलेला असे.

पहिली मॅच जिंकली, पुढचीही जिंकली. साहेबांच्या अंगावर शहारे येत होते. समोरच्या बाजूच्या पालकांच्याही येत असावेत, पण वेगळे. "हा खेळ आहे की पाठलाग?" एक गृहस्थ उभे राहून म्हणाले. "जरा श्वास तर घेऊ द्या मुलीला."

फायनल क्लबशी. आदल्या संध्याकाळी साहेबांना आयोजकांनी बोलावून घेतलं. मोठं टेबल, चार खुर्च्या, एकीत जुने सर. चहा आला, पण साहेबांचा तो पिऊन होईपर्यंत कुणी धीर धरला नाही.

"साहेब, तुमचं कौतुकच आहे," जुने सर म्हणाले. "पण मुलींच्या खेळात एवढी आक्रमकता बरी दिसत नाही."

"मुलांच्या खेळात दिसते?"

"तो वेगळा विषय आहे. आम्ही असं ठरवलंय, की फायनलला बॉल हाफ लाइन ओलांडेपर्यंत कुणी कुणाला अडवायचं नाही. दोन्ही टीमना सारखाच नियम."

"नियमपुस्तकात हे कुठे आहे?"

"आयोजकांचा निर्णय अंतिम असतो, हे आहे ना पुस्तकात."

'बरं' साहेबांच्या घशातून निघालं, जिभेवरून घसरलं आणि दातांपर्यंत येऊन पोचलं. इतक्या वर्षांची वाट होती ती, त्याला कुणी दाखवायला नको होती. साहेबांनी दात मिटले. चहाचा उरलेला घोट घेऊन तो शब्द त्याच्याबरोबर गिळला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ऐकलं." मग उठून गेले.

घरी येईपर्यंत सगळा जोर ओसरला होता. बायकोने दार उघडलं आणि तोंड बघूनच ओळखलं. त्यांनी सगळं सांगितलं.

"मग? सोडणार?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तोंड पाडून काय बसलाय? मुलींना बोलवा."

सातही जणी आल्या. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला सरकवून साहेबांनी फरशीवर खडूने मैदान काढलं, मधोमध हाफ लाइन ओढली आणि तिच्याकडे बघत बसले. पलीकडची अर्धी फरशी आता आपली नव्हती. मुली भिंतीशी दाटीने बसल्या. सॉरी तेवढी कुणाला उद्देशून नाही, पण सॉरी म्हणाली.

"एकदा ही रेषा ओलांडली," साहेब हळूच म्हणाले, "की बॉल परत मागे नेता येतो का?"

"नाही," खांब म्हणाली. ती क्वचित बोले. "मागे नेला की बॉल आपल्याला."

साहेब रेषेवर उकिडवे बसले. "नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "एकदा पुढे आलं की मागे वाटच नाही. ती रेषेच्या कडेने पुढे आली, पाऊल इकडे पडलं, की एका अंगाला बाजूची रेषा आणि पाठीला ही. दोन भिंती झाल्या."

"आणि समोर आम्ही दोघी," एक जुळी म्हणाली.

"आम्ही दोघीच," दुसरी म्हणाली. त्यांचं हे पहिलं एकमत.

चिंगी गुडघ्यावर बसून त्या कोपऱ्यावर बोट फिरवत होती. "बाबा, म्हणजे त्यांनी आपल्याला एक भिंत बांधून दिली," ती म्हणाली.

फायनलला सगळी बिल्डिंग आली. शिव्या घालायला का होईना, पण आली. न्यायाधीश काका पुढच्या रांगेत बसले. सेक्रेटरी लांब बसले. साहेबांकडे पाठ येईल असं बसायचं होतं, पण तशी खुर्ची मिळाली नाही.

सुरुवातीला क्लबच्या मुली ऐटीत चालत आल्या. कुणी अडवत नव्हतं. कॉलनीच्या मुली हाफ लाइनच्या अलीकडे रांगेत निवांत उभ्या. बॉल जिच्या हातात होता ती कॉलनीतून गेलेल्या तिघींपैकी एक, सगळ्यात उंच. ती कडेकडेने आली, रेषेवरून पाऊल अलीकडे टाकलं, आणि तिच्यासमोर दोन जुळ्या उगवल्या. ती मागे वळली, तर रेषा. बाजूला बघितलं, तर रेषा.

"अगं, मी आहे. ओळखलं नाही का?" ती कुजबुजली.

"ओळखलं ना," जुळ्या म्हणाल्या. हात खाली आले नाहीत.

तिने बॉल उंच धरला आणि मोठा, लोंबता पास टाकला. सॉरी निघालेलीच होती.

हॉलमधला आवाज हळूहळू बदलत गेला. क्लबच्या उंच मुलींनी रिंगखाली मिळेल तेव्हा बास्केट केलेच, उंची ही उंची असते. पण तिथवर बॉल यायला तर हवा. मध्यंतरानंतर दोन्ही टीम बरोबरीला आल्या, आणि मग शिट्ट्या सुरू झाल्या. कोंडी झाली की शिट्टी, फाउल. हात हवेत, अंगाला अंग नाही, तरी शिट्टी. साहेब उभे राहिले. प्रशिक्षकाने बाकाजवळच्या रेषेत राहायचं असतं. त्यांचा एक पाय बाहेर गेला. टेक्निकल फाउल. ते परत आत आले. पुन्हा कोंडी, पुन्हा शिट्टी.

"कुठे हात लागला ते दाखवा," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. खिडकीशी आलेला माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं.

"खाली बसा."

"बसतो. आधी दाखवा."

पंचाने दाराकडे बोट केलं.

साहेबांना शाळेत कधी वर्गाबाहेर काढलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीतून, मीटिंगमधून, कुठूनच कधी नाही. त्यांनी गळ्यातली सरावाची शिट्टी बाकावर ठेवली, मुलींकडे बघून फक्त आपल्या पायाकडे बोट दाखवलं आणि सरळ मानेने चालत बाहेर गेले. दार मागे बंद झालं. दाराला धुरकट काच होती, काही दिसत नव्हतं. चपलांचं कपाट आणि पाण्याचा कूलर यांच्यामध्ये ते उभे राहिले.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि बायको बाहेर आली.

"तू कशाला आलीस?"

"आले नाही. काढलं. मी फक्त विचारलं की यांना का काढलं." ती पर्स काखेत घट्ट धरून त्यांच्याशेजारी उभी राहिली. "शिट्टीवाल्याला उत्तर येईना, तर मला काढतो."

पुढची पाळी सेक्रेटरींची होती. त्यांचे कान लाल झाले होते. साहेबांकडे न बघता ते म्हणाले, "मी साक्ष दिली. म्हटलं, या पोरींनी भर पार्किंगमध्ये माझी अंडी नेली, पण मला हात लावला नव्हता. हात लावणाऱ्यातल्या त्या नाहीतच." त्यांच्या मागोमाग मावशी आल्या, त्यांनी काय विचारलं ते कळलं नाही, पण त्या अजून ते विचारतच होत्या. मग दोघी मैत्रिणींच्या आया. मग डॉक्टर, जे दारातून बाहेर येताना पंचाला सॉरी म्हणाले. शेवटी न्यायाधीश काका.

"मी नियमाचा क्रमांक विचारला," काका म्हणाले. "ते म्हणाले, आत्ता आठवत नाही, पण आहे. हे काय बोलणं झालं? असं कुणी बोलतं का?"

सगळे एकदम चपलांच्या कपाटाकडे बघू लागले.

अशी सगळी बिल्डिंग कपाटाच्या आणि कूलरच्या मध्ये दाटीवाटीने उभी राहिली. आत मुली एकट्या होत्या. बाहेर फक्त बुटांचा आवाज ऐकू येत होता. साहेबांनी डोळे मिटले. टाकीतल्या त्या सकाळी त्यांच्या कानात होत्या. आधी लांबून एकटे बूट, सावकाश. मग दोन जोड एकदम, करकचून. मग क्षणभर काहीच नाही.

"आता कोंडी झाली," ते म्हणाले, आणि आत गलका उसळला.

"काय झालं?"

"बॉल आपला."

पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. मध्येच शिट्टी. मग भोंगा वाजला, आणि त्यानंतरच्या ओरड्यावरून कोण ओरडतंय ते काही केल्या कळेना.

दार उघडलं. जुळ्या भांडतच बाहेर आल्या. दोघींचं म्हणणं, आपला शेवटचा बास्केट दुसरीमुळे झाला. खांबाच्या गुडघ्याला खरचटलं होतं. चिंगीचे केस कपाळाला चिकटले होते, आणि ती सरळ बापासमोर येऊन उभी राहिली.

"एका पॉइंटने," ती म्हणाली.

"कुणी?" न्यायाधीश काकांनी विचारलं.

"त्यांनी. फाउलच्या फ्री थ्रोवर." तिने श्वास घेतला. "पण शेवटची पाच मिनिटं त्यांना शिट्टीशिवाय आपल्या रिंगपर्यंत येताच आलं नाही, बाबा. एकदाही नाही. त्या रडत होत्या."

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो काढून टाकला नाही. मागे मावशींनी डोळ्याला पदर लावला आणि सेक्रेटरी कूलरचं पाणी सगळ्यांना देत सुटले. पेले पुरेनात, तेव्हा स्वतः तसेच उभे राहिले.

जुने सर बाहेर आले ते कप काखेत धरून, जसा कुणी उसना आणलेला डबा धरतो. एवढी माणसं वाटेत असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला कूलर, आणि समोर साहेब व त्यांची बायको.

"छान खेळल्या हं मुली," सर म्हणाले. "पण साहेब, ते हाफ लाइनचं काही खरं नाही. पुढच्या वर्षी ती रेषाच आम्हाला आणखी मागे घ्यावी लागेल."

"घ्या," साहेब म्हणाले.

"म्हणजे तुमची हरकत नाही?"

"कुठेही आखा, सर. रेषा आली की कोपरा आलाच."

सर हसले, मग हसायचे थांबले. बायको जराशी बाजूला झाली तेव्हा ते अंग चोरून निघून गेले.

साहेब मुलींकडे वळले. "उद्या सहा वाजता सराव," त्यांनी सांगून टाकलं. "बूट घालून या."

कुठे, ते त्यांनाही अजून माहीत नव्हतं.